फॅगिनचे प्रमेय

रोनाल्ड फॅगिन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेले, संगणकीय जटिलता व तर्कशास्त्र यांना जोडणारे प्रमेय. सांत संरचनांचा (मर्यादित घटक व त्यांच्यातले संबंध यांच्या रचनांचा) गुणधर्म एनपी वर्गात (सुचवलेले उत्तर झटपट पडताळता येते अशा प्रश्नांच्या वर्गात) असेल तरच, आणि असेल तेव्हा नेहमीच, तो द्वितीय कोटीच्या अस्तित्ववाचक वाक्यात लिहिता येतो. एनपीच्या या वर्णनात यंत्र, वेळ, पायऱ्या यांपैकी काहीच येत नाही, हेच त्याचे मोठेपण. वर्णनात्मक जटिलता ही शाखा याच प्रमेयातून उभी राहिली.

अशा वाक्याच्या आरंभी ‘अमुक संबंध अस्तित्वात आहेत’ एवढेच म्हणता येते. पुढचा भाग प्रथम कोटीचा, म्हणजे फक्त घटकांविषयी. ग्राफ (शिरोबिंदू व त्यांना जोडणाऱ्या कडा) तीन रंगांत रंगवता येतो, हे असे लिहितात : ‘तां, हि, नि असे शिरोबिंदूंचे तीन संच आहेत; प्रत्येक शिरोबिंदू त्यांपैकी एकात तरी आहे; कडेने जोडलेले दोन शिरोबिंदू एकाच संचात कधीच नाहीत.’ ‘एकातच’ म्हणायची गरज नाही. एखादा शिरोबिंदू दोन संचांत आला, तर त्याला कोणताही एक रंग द्यावा. परस्परांशी जोडलेले ४ शिरोबिंदू घेतले की दोघांना एकच संच वाट्याला येतो आणि वाक्य खोटे ठरते.

सिद्धतेची एक बाजू सोपी आहे. संरचनेत म घटक असतील, तर क-स्थानी (एका वेळी क घटकांना जोडणारा) संबंध लिहायला म चा क-वा घात इतके बिट लागतात. एनपीच्या यंत्राला अनेक वाटांतून एक निवडता येते, म्हणून ते हे बिट अंदाजाने लिहिते आणि उरलेला भाग एकात एक फिरणाऱ्या लूपांनी तपासते. दोन्ही कामे बहुपदी वेळात, म्हणजे म च्या ठरावीक घाताइतक्या पायऱ्यांत, होतात.

उलट बाजूला यंत्राचा सगळा प्रवास एका तक्त्यात मांडतात : ओळ म्हणजे क्षण, स्तंभ म्हणजे यंत्र ज्यावर लिहिते त्या फितीवरचे घर. यंत्र म च्या क-व्या घाताइतक्या पायऱ्या घेत असेल, तर क्षणाचा क्रमांक क घटकांनी लिहिता येतो, घराचाही. म्हणून तक्ता २क-स्थानी संबंधांत मावतो. यंत्राने कुठे कोणती वाट निवडली, हेही संबंधातच नोंदवतात. वाक्य एवढेच म्हणते, की पहिली ओळ दिलेल्या संरचनेशी जुळते, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून नियमाने निघते आणि शेवटी स्वीकार आहे. इथे एक अडचण हमखास नजरेतून सुटते. ‘पुढचे घर’ म्हणायला घटकांचा क्रम लागतो आणि नुसत्या ग्राफमध्ये तो नसतो. म्हणून क्रमही ‘अस्तित्वात आहे’ म्हणून मागून घ्यावा लागतो.

पी वर्गासाठी (अंदाज न करता बहुपदी वेळात सुटणाऱ्या प्रश्नांसाठी) ही सोय उरत नाही. क्रम आधीच दिलेला असेल, तर लघुतम स्थिरबिंदूचे तर्कशास्त्र (ज्यात एखादा संबंध तो बदलेनासा होईपर्यंत पायरीपायरीने वाढवता येतो) नेमका पी वर्ग पकडते, हे इमरमन व वार्दी यांनी १९८२ मध्ये दाखवले. क्रम काढून घेतला, की त्याच भाषेत ‘घटकांची संख्या सम आहे’ एवढेही सांगता येत नाही. मोजणीची सोय जोडूनही पीमधले काही गुणधर्म निसटतात (काय, फ्युरर व इमरमन, १९९२). क्रमाविना पी पकडणारे तर्कशास्त्र आहे की नाही, हा प्रश्न अजून खुला आहे.

संबंध एकस्थानीच, म्हणजे नुसते संच, ठेवले तर चित्र स्पष्ट होते. ग्राफ तुटक आहे, हे सांगणे सोपे : ‘रिकामा नसलेला आणि सगळे शिरोबिंदू न व्यापणारा असा एक संच आहे, की ज्यातून एकही कड बाहेर जात नाही.’ ग्राफ सलग आहे, हे मात्र त्या भाषेत सांगताच येत नाही, असे फॅगिन यांनीच सिद्ध केले. कितीही स्थानांचे संबंध वापरूनही ज्याचा नकार पुन्हा अशाच वाक्यात लिहिता येत नाही असे एक अस्तित्ववाचक वाक्य जरी सापडले, तरी एनपी व को-एनपी (एनपीतल्या गुणधर्मांच्या नकारांचा वर्ग) हे वर्ग वेगळे ठरतील, आणि त्यामुळे पी व एनपीही.