ड्रायव्हर आत की बाहेर: इन्स्टॉलरचा जुना पेच

ऑपरेटिंग सिस्टिम एकदा बसली की बाकीचे ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग चालवणारे प्रोग्राम, सावकाश उतरवता येतात. अडतं ते बसण्याआधी. डिस्कचा ड्रायव्हर नसेल तर सिस्टिम ठेवायची कुठे, आणि नेटवर्कचा नसेल तर उरलेले आणायचे कुठून? इन्स्टॉलरने, म्हणजे सिस्टिम बसवणाऱ्या प्रोग्रामने, आत घ्यायच्या ड्रायव्हरची यादी म्हणून या दोघांपासूनच सुरू होते. प्रिंटर मागाहून आला तरी चालतो.

सुरुवातीला भांडण जागेचं होतं. १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि सगळे ड्रायव्हर मावणं शक्यच नव्हतं, म्हणून लिनक्सवाले ड्रायव्हरच्या वेगळ्या फ्लॉपी देत. विंडोज एक्सपी (२००१) आली सीडीवर, पण सीडीत नसलेला रेड किंवा साटा कंट्रोलर (डिस्क हाताळणारा भाग) असला की एफ६ दाबून ड्रायव्हर द्यायचा तो फ्लॉपीवरूनच! ती सूचना पडद्याच्या तळाशी काही सेकंदच दिसे. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. फ्लॉपी ड्राइव्ह गायब झाल्यावर लोक ड्रायव्हर आत घालून स्वतःची सीडी बनवू लागले. विंडोज व्हिस्टापासून पेनड्राइव्ह चालू लागला.

जागा वाढली, तरी इन्स्टॉलर बाहेर पडतो त्या दिवसापासून जुना होऊ लागतो. विंडोज ७ (२००९) मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. २०१५ च्या, इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरच्या मशीनवर भाषा निवडायचा पडदा यायचा, पण यूएसबीचा माऊस हलायचा नाही आणि कीबोर्डही ढिम्म.

लिनक्समध्ये पुढचा तंटा परवान्याचा. ड्रायव्हर मुक्त (कोड सगळ्यांना खुला) असतो, पण वायफाय चिपला लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, बहुधा कंपनीचं, बंद. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्व पाळणाऱ्या लिनक्स प्रकल्पाने २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीत असं फर्मवेअर कर्नलमधून काढलं. मग इन्स्टॉलर मध्येच थांबून त्या फायली पेनड्राइव्हवर किंवा फ्लॉपीवर आणून द्या म्हणे. फर्मवेअर घातलेल्या प्रती डेबियनच्याच सर्व्हरवर 'अनधिकृत' शिक्क्याने पडून असत आणि जाणकार नवख्यांना गुपचूप तिकडेच धाडत. तत्त्वही राखलं आणि कामही झालं, अशी ही सोय मला कधीच पटली नाही. अखेर २०२२ मध्ये मतदान होऊन प्रकल्पाच्या सामाजिक करारातच (तत्त्वांच्या जाहीरनाम्यात) बदल झाला, आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. नको असेल त्याला बूट करतानाच ते बंद ठेवता येतं.

ओपनबीएसडी ही आणखी एक मुक्त सिस्टिम मात्र वाटायची परवानगी नसलेलं फर्मवेअर आजही सोबत देत नाही, नेटवरून आणते. नुसत्या वायफायवर असलेल्याने त्यासाठी आधी केबल शोधायची.