लिनक्सवरचं पायथन नेमकं कोणाचं?

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या वितरणांच्या अलीकडच्या आवृत्तीवर पिप या साधनाने पायथन भाषेची एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, टाकायला गेलं की टर्मिनल सरळ नकार देतं. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा संदेश येतो. म्हणजे या पायथनची देखभाल दुसरं कोणीतरी करतं, त्यात हात घालू नका. नुकतंच शिकायला बसलेल्या माणसाला हा आडमुठेपणा वाटतो, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण या नकारामागे अनेक वर्षं चिघळत आलेला तिढा आहे.

लिनक्सच्या पहिल्या काही वर्षांत भाषा इन्स्टॉल करायची म्हणजे तिचा सोर्स कोड टारबॉलमधून, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइलमधून, उतरवायचा आणि कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तीन पायऱ्या चढायच्या. तयार झालेल्या फाइल्स सहसा /यूएसआर/लोकलमध्ये जात. ही जागा मशीन सांभाळणाऱ्याने स्वतः टाकलेल्या गोष्टींसाठी राखलेली होती, आजही आहे. अडचण पुढे यायची. कुठली फाइल कुठे गेली याची नोंद कुठेच नसे. जुनी आवृत्ती काढून नवी घालायची तर फाइल्स हाताने शोधाव्या लागत.

ही नोंद ठेवायचं काम पॅकेज मॅनेजरने, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या साधनाने, उचललं. इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये डेबियनची घोषणा केली आणि त्यातून डीपीकेजी हा पॅकेज मॅनेजर आला. रेड हॅट या वितरणाचं आरपीएम 1995 चं. अवलंबून असलेली पॅकेजेस आपणहून शोधून आणणारं एपीटी 1999 मध्ये डेबियन 2.1 बरोबर सर्वांच्या हाती आलं. या सगळ्यांचा पाया एकच: प्रत्येक फाइल कुठल्या ना कुठल्या पॅकेजच्या नावावर असते आणि एका जागेवर दोघांचा हक्क नसतो.

हा नियम किती कडक आहे ते नोड.जेएसच्या वेळी दिसलं. जावास्क्रिप्ट चालवणारं हे साधन 2009 मध्ये आलं तेव्हा डेबियनमध्ये ‘नोड’ नावाची कमांड आधीपासून होती, हौशी रेडिओ चालवणाऱ्यांच्या एका प्रोग्रॅमची. त्यामुळे डेबियन आणि उबुंटूवर बराच काळ ‘नोडजेएस’ असं टाइप करावं लागे, आणि इतरांसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट तिथे अडकत. 2012 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने निर्णय देऊन दोघांनाही ते नाव सोडायला लावलं; अखेर 2017 मध्ये तो निर्णय मागे घेतल्यावर नोड.जेएसला ते नाव वापरता आलं.

तोवर भाषांनी आपापली कोठारं उभारली होती. पर्लचं सीपॅन 1995 पासून चालू होतं, पायथनचं पायपीआय 2003 मध्ये, रुबी भाषेचं रुबीजेम्स 2004 मध्ये आणि नोड.जेएसचं एनपीएम 2010 मध्ये आलं. त्यांतून लायब्ररी उतरवणाऱ्या साधनांना डीपीकेजी किंवा आरपीएमच्या नोंदवहीशी काही देणंघेणं नव्हतं. एकाच मशीनवर दोन कारभारी, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

खरी गाठ बसली ती पायथनपाशी, कारण इथे भाषेवर प्रणाली स्वतःच उभी होती. रेड हॅटच्या परिवारात पॅकेजेस बसवणारं यम हे साधनच पायथनमध्ये लिहिलेलं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 6 नोव्हेंबर 2010 मध्ये आलं ते पायथन 2.6 घेऊन, आणि मुख्य आवृत्ती शेवटपर्यंत तीच राहिली. स्थैर्य हेच अशा वितरणाचं काम, त्यामुळे यात चूक काहीच नव्हती. प्रोग्रॅमरला मात्र 2.7 हवं असे. मग कोणी नवं पायथन कंपाइल करून /यूएसआर/बिनमधल्या जुन्यावरच बसवे, आणि यम बंद पडे. म्हणजे बिघडलेलं पॅकेज ज्या साधनाने दुरुस्त करायचं तेच हातातून जाई.

‘सुडो पिप इन्स्टॉल’, म्हणजे पिप पूर्ण अधिकारानिशी चालवा, हा सल्ला तितकाच घातक होता, आणि तो वर्षानुवर्षं बिनदिक्कत दिला गेला. डेबियनने पिपच्या लायब्ररींसाठी /यूएसआर/लोकलखाली वेगळी जागा केली खरी, पण पायथन लायब्ररी शोधताना आधी तिथेच पाहतं. त्यामुळे तिथे टाकलेली नवी आवृत्ती प्रणालीच्या साधनांनाही मिळायची आणि ती कोलमडू शकायची.

सुटकेचा मार्ग प्रोग्रॅमरांनीच काढला. इयन बिकिंग यांचं व्हर्च्युअलएन्व्ह 2007 मध्ये आलं आणि प्रत्येक प्रकल्पाला लायब्ररींचं स्वतंत्र घर मिळालं. पायथन 3.3 पासून, म्हणजे 2012 पासून, वेन्व्ह भाषेतच आहे. रुबीच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारी आरव्हीएम आणि आरबीएन्व्ह आली, आरबीएन्व्हच्या धर्तीवर पायएन्व्ह घडलं. सगळं होम डिरेक्टरीत, रूटचा, म्हणजे मशीनच्या पूर्ण ताब्याचा, अधिकार न मागता. गो आणि रस्टला हा त्रास फारसा झाला नाही, कारण त्यांत लिहिलेला प्रोग्रॅम कंपाइल होऊन बाहेर पडला की चालायला ती भाषा मशीनवर असावी लागत नाही.

वितरणं उशिरा हलली, पण हलली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 ने 2019 मध्ये स्वतःच्या साधनांसाठी ‘प्लॅटफॉर्म पायथन’ बाजूला काढलं आणि ते नेहमीच्या कमांडच्या वाटेतून दूर /यूएसआर/लिबएक्सेकमध्ये ठेवलं. पायथनच्या बाजूने पेप 668 (पेप म्हणजे पायथनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव) हा करार झाला: वितरणाने एक खुणेची फाइल ठेवायची आणि ती दिसली की पिपने थांबायचं. जून 2023 मधल्या डेबियन 12 मध्ये ती फाइल आली, आणि सुरुवातीला सांगितलेला नकार तिच्यामुळेच मिळतो. तो डावलायचा पर्यायही आहे, पण त्याचं नाव मुद्दाम ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ ठेवलंय. नकार मिळाल्यावर वेन्व्ह तयार करणं किंवा तीच लायब्ररी एपीटीने घेणं, या दोन्ही वाटा सुरक्षित आहेत.

भाषेची वेगळी आवृत्तीच हवी असेल तर आता कंपाइल करत बसण्याचीही गरज उरलेली नाही. 2024 मध्ये आलेलं यूव्ही हे साधन तयार पायथन थेट होम डिरेक्टरीत उतरवतं, आणि /यूएसआर/बिनमधलं पायथन प्रणालीसाठी जसंच्या तसं राहतं.