बाळंतिणीची निगा (बेळगाव सीमाभाग)

प्रसूतीनंतर आई आणि अंगावर पिणाऱ्या बाळाची पहिल्या सव्वा महिन्यात घेतली जाणारी काळजी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी घरांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. वैद्यकशास्त्र सूतिकाकाळ 42 दिवसांचा मानते. सव्वा महिना त्याच्या जवळपास येतो. या काळात बाळंतिणीला चूल, पाणी आणि शेतकाम यांपासून सुटका मिळते, ही या रीतीची सर्वांत मोठी जमेची बाजू होय.

अडचण आहे ती सीमेची. सासर खानापूर तालुक्यात आणि माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडे, अशा सोयरिकी इथे घरोघरी आढळतात. गरोदरपणाची नोंद कर्नाटकाच्या ‘तायी कार्डा’वर कन्नडमध्ये होते, प्रसूती मात्र महाराष्ट्रात होते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच, 21 दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन आई-बाळाला पाहावे, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. सासरच्या आशाच्या यादीत नाव असलेली बाई माहेरच्या गावी असेल, तर या भेटी कुणी द्यायच्या? म्हणून कार्ड सोबत नेणे आणि माहेरच्या आशाला पहिल्याच आठवड्यात कळवणे महत्त्वाचे.

आईच्या जिवाला पहिला धोका रक्तस्रावाचा. याबाबत बेळगाव जिल्ह्याचे नाव जगभर गेले आहे. इथल्या खेड्यांत 2002 ते 2005 या काळात 1,620 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत एएनएम नर्सनी सुमारे निम्म्या जणींना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधाच्या, गोळ्या दिल्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण हे औषध न मिळालेल्यांत 12 टक्के, तर मिळालेल्यांत 6.4 टक्के होते. हे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या दिवसांत ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात कळा ही जंतुसंसर्गाची लक्षणे असतात. त्यांना ‘बाळंतवात’ समजून काढ्यावर दिवस काढणे जिवावर बेतू शकते.

स्तनपान पहिल्या तासातच सुरू करायचे असते. काही घरांत अजून पहिला घट्ट पिवळसर चीक पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा साखरपाणी चाटवतात. रोगप्रतिकारक घटक त्या चिकातच सर्वाधिक असतात. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरते, अगदी मे महिन्यातही वरचे पाणी लागत नाही. बाळ नुसत्या बोंडीला चोखत असेल तर बोंडी चिरते आणि दूधही नीट निघत नाही. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बोंडीभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात, असे धरले की दुखणे थांबते. दूध साकळून गाठ झाली तर त्या बाजूने पाजणे सोडू नये. दिवसातून सहा-सात वेळा लघवी आणि वाढते वजन या खुणा असल्यास दूध पुरत नाही ही घरच्यांची शंका बहुधा खोटी असते.

आहारात ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची फोडणी, हाळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू असतात. डिंक, गूळ व सुक्या मेव्याचा गोकाकचा करदंटही बाळंतिणीला चालतो. दूध वाढते ते मुख्यतः वारंवार पाजल्याने; लाडवांचे काम आईची झीज भरून काढण्याचे. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. तरीही डाळ, फळे ‘बाधतात’ म्हणून टाळली जातात, पाणीही तोडून देतात. त्याने बद्धकोष्ठ वाढते, फायदा काहीच नाही. लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या असतात आणि त्याच सर्वांत आधी विसरल्या जातात.

बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून ओवा-बाळंतशोपांची धुरी देण्याने आईला ऊब वाटते, पण बंद खोलीत तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून पाटावर बसते, बाळाला नडग्यांवर घेते आणि तेल चोळते. हे सुखाचे आहे. नाकाकानात तेल सोडणे मात्र घातक.

निपाणीकडे तंबाखू आणि विडीचा धंदा मोठा. सुपात पाने-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या कित्येक जणी लवकरच कामाला लागतात, आणि मिश्रीची (दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची) सवय तर विडी न वळणाऱ्यांतही असते. निकोटीन दुधातून बाळापर्यंत पोहोचते, पण मिश्री लावणारीला कुणी टोकत नाही, डाळीला टोकतात.

कर्नाटक सरकारची मातृपूर्ण योजना (2017) गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण देते. मूळ योजनेनुसार ते तिथेच बसून जेवायचे आणि सव्वा महिन्याच्या बाळंतिणीला घरचे उंबरा ओलांडू देत नाहीत, त्यामुळे ऐन गरजेच्या दिवसांत हे ताट तिच्यापर्यंत पोहोचणे अवघड होते.