हाफ इंजिन की फुल इंजिन? रेघ क्रँकवर आहे

इंजिन दुरुस्तीच्या खर्चाची मिस्त्रींनी दिलेली चिठ्ठी, तिच्यावर दोनच ओळी होत्या. ‘हाफ इंजिन २८,०००’ आणि खाली ‘फुल ५५’. गाडी २००९ची वॅगन आर, १०६१ सीसीची जुनी चार सिलिंडरवाली, मीटरवर १,८३,००० किलोमीटर. दर हजार किलोमीटरला पाऊण लिटर तेल पीत होती. मिस्त्रींना विचारलं, हाफमध्ये काय काय येतं? “अहो साहेब, वरचं सगळं नवीन.” आणि फुलमध्ये? “वरचं-खालचं सगळं नवीन.” आणखी दोन गॅरेजांत विचारलं, तर ‘वरचं’ या शब्दाचे आणखी दोन अर्थ हाती आले. एकाच्या मते वरचं म्हणजे फक्त हेड, म्हणजे इंजिनचं व्हॉल्व्ह (झडपा) असलेलं वरचं झाकण. दुसऱ्याच्या मते हेड, पिस्टनभोवतीच्या रिंगा, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंगं.

गोंधळ होणारच. हे दोन्ही शब्द कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नाहीत, ते गॅरेजच्या बोलीत घडले आहेत. तरी दहा मिस्त्रींचं बोलणं नीट ऐकलं तर एक रेघ सापडते, आणि ती क्रँकवर आहे. क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरण्यात बदलणारा तळचा दांडा) जागची हलली नाही तर हाफ, क्रँक काढून बाकावर आली तर फुल.

हाफमध्ये इंजिन बहुतेकदा गाडीतच राहतं. वरून हेड उघडतात, खालून ऑइल संप (तेल साठवणारं तळाचं भांडं) काढतात, रॉडचे बोल्ट सैल करून पिस्टन वरच्या बाजूने बाहेर ढकलतात. मग नव्या रिंगा, गरज असेल तर नवे पिस्टन, रॉडची बेअरिंगं. हेडमध्ये व्हॉल्व्ह घासून बसवणं, व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यालगत तेल आत जाऊ न देणारे), हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं), हेड आणि ब्लॉकच्या मधलं नवं गॅस्केट. फुलमध्ये गिअरबॉक्स सुटतो, इंजिन खाली उतरतं, क्रँक निघते, मेन बेअरिंगं बदलतात, लागलं तर क्रँक ग्राइंड होऊन अंडरसाइज (बारीक झालेल्या क्रँकला बसणारं) बेअरिंग बसतं, ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर कापून किंचित मोठे करायला, जातो, ऑइल पंप तपासतात, पुढचे-मागचे ऑइल सील नवे पडतात. (काही गाड्यांत संपच्या खाली क्रॉस मेंबर (गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी) असा आडवा येतो की हाफसाठीही इंजिन उतरवावंच लागतं. त्यामुळे ‘इंजिन उतरवलं होतं’ एवढ्यावरून फुल झालं असं धरू नये. जुनी गाडी विकणारे हे वाक्य फार सहज वापरतात.)

आता नावामुळे होणारी मोठी चूक. ‘हाफ’ ऐकलं की वाटतं, एकाच कामाचे दोन आकार आहेत, परवडेल तो घ्यावा, चहाच्या कटिंगसारखा. ही दोन कामं दोन वेगळ्या आजारांवरची आहेत. रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) आणि व्हॉल्व्ह झिजले तर गाडी तेल खाते, निळा धूर मारते, घाटात पिकअप सोडते. क्रँक आणि बेअरिंगं झिजली तर आवाज येतो आणि ऑइल प्रेशर पडतं. खालचा आजार असताना वरचं काम केलं, तर २८,००० गेले आणि खडखड तशीच. वरचाच आजार असताना फुल करून घेतलं, तर चांगली क्रँक उगाच उघडली. कारखान्यात बसलेली क्रँक प्रेशर देत असेल तर तिला हात लावू नये, हे माझं ठाम मत. गल्लीतल्या गॅरेजात, दार उघडं आणि बाहेर रस्त्याची धूळ अशा जागी बेअरिंग बसवताना एक कण आत गेला तरी पुरतो.

मग आजार ओळखायचा कसा? धुरापासून सुरुवात करू. सकाळी पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एक लोट आणि मग स्वच्छ, किंवा लांब उतारावर पाय सोडून आल्यावर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच धूर, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. हे ना हाफ, ना फुल. बऱ्याच इंजिनांत हेड न काढताही सील बदलता येतात. लोड पडल्यावर सतत निळा धूर, आणि चालू इंजिनचं तेलाचं झाकण उघडताच आतून फसफस वाफ, तर रिंगा किंवा बोअर. पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघायचं. गॅसवर खूप चाललेल्या जुन्या गाड्यांची तऱ्हा निराळी. धूर नाही, तेलही जात नाही, पण पिकअप मेलेला. तिथे व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेलेले असतात, टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) मिटतं आणि व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. अशा गाडीला रिंगा विकणारा मिस्त्री तुमच्या पैशाने शिकतो आहे.

अंदाज झाला की कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची चाचणी, मागायची. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. यातली एक अट सुटली तरी आकडा खोटा येतो. छोट्या पेट्रोल इंजिनांत साधारण १२ ते १४ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) आसपासचं रीडिंग ठीक समजतात, पण मला त्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त सांगून जातो. आमच्या गाडीचं रीडिंग होतं १२.५, १२, ९.५, ९. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. रीडिंग उसळलं तर दोष रिंगा-बोअरचा, जागेवर राहिलं तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. आमचं तिसरं-चौथं ११च्या वर गेलं. म्हणजे काम हेडपुरतं नव्हतं.

खालच्या भागासाठी वेगळी परीक्षा. गरम इंजिन, आयडलिंगवर, ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो का? ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी साधा गेज लावला की खरा आकडा दिसतो. दहा मिनिटांचं काम, तरी क्वचितच कोणी करतं. आवाजाचाही फरक कानाला कळतो. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची. खालून, लोड पडल्यावर येणारा जड ठोका बेअरिंगचा. तो ऐकू आला की हाफची चर्चा संपली, आणि खरं तर गाडी चालवणंही.

इतकं करून ‘खाली ठीक, वर काम’ असं ठरलं तरी हाफ होईलच असं नाही. याच ठिकाणी लोक फसतात. रिंग गोल असते, पण लाखो किलोमीटर चाललेला बोअर गोल राहत नाही. पिस्टनचा दाब एका बाजूच्या भिंतीवर जास्त येतो, म्हणून बोअर अंडाकृती होतो. वरच्या भागात उष्णता जास्त आणि तेल कमी, म्हणून झीज तिथे जास्त आणि खाली कमी; बोअर किंचित नरसाळ्यासारखा होतो. वरची रिंग जिथून उलटी फिरते तिथे न झिजलेली कडा उरते, नखाला लागते. अशा बोअरमध्ये नवी रिंग घातली तर ती भिंतीला सगळीकडे टेकत नाही, आणि त्या कडेवर आपटून तुटूही शकते. सहा महिन्यांत गाडी पुन्हा धूर मारते, आणि दोष ‘पार्ट डुप्लिकेट निघाले’ यावर जातो.

म्हणून बोअर गेजने मोजायचा. तीन उंचींवर, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. किती फरक चालतो ते त्या-त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतं. साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाजवळ गेलं की बोअरिंगशिवाय गती नाही. बोअरिंग म्हणजे ब्लॉक लेथवाल्याकडे, पिस्टन ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज (तेवढे मोठे), आणि क्रँक बाहेर. खाली क्रँक बसलेली असताना वर लोखंडाचा कीस पाडला तर तो थेट बेअरिंगांत जाणार. हाफचं फुल होतं ते असं, बहुधा मिस्त्रीच्या लोभामुळे नव्हे. मात्र हा निर्णय हेड उघडल्यावर मोजमाप करूनच होतो. आधी छातीठोकपणे ‘हाफमध्ये भागेल’ म्हणणारा आणि ‘फुलशिवाय पर्याय नाही’ म्हणणारा, दोघेही अंदाजच सांगत असतात.

मी सांगितलं: आधी फक्त हेड उघडा, त्याची मजुरी वेगळी लिहा, बोअर माझ्यासमोर मोजा, मग ठरवू. मिस्त्री जरा नाराज झाले. “एवढा विश्वास नाही का साहेब?” विश्वास होता, म्हणून तर गाडी त्यांच्याकडे होती. गेज मात्र त्यांच्याकडे नव्हता, लेथवाल्याला बोलवावं लागलं. चारही बोअरमध्ये जास्तीत जास्त फरक ०.०४ मिलिमीटर निघाला, तिसऱ्या पिस्टनच्या तेलाच्या रिंगा कार्बनने जॅम होत्या. हाफमध्ये भागलं.

मीटरचा आकडा मी आतापर्यंत बाजूला ठेवला, कारण तो एकटा काहीच ठरवत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका लयीत पळून झालेले दोन लाख आणि शहरात रोज तीन किलोमीटर शाळा-भाजी करत झालेले ऐंशी हजार यांत दुसरं इंजिन जास्त थकलेलं असू शकतं. इंजिन थंड असतानाच झीज जास्त होते, आणि ते गरम होण्याआधीच आपण ते बंद करतो.

कागदाचा हिशेबही आधी करावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२पासून मोटारीसाठी त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, शिवाय पर्यावरण कर. चौदाव्या वर्षी फुल इंजिन करणाऱ्याने ती गाडी पुढची पाच वर्षं नक्की ठेवायची आहे का, हे घरात आधी विचारावं. विकायचीच असेल तर घातलेले पैसे भावात परत येत नाहीत. याच टप्प्यावर भंगार बाजारातलं ‘तयार इंजिन’ बसवायचा सल्ला हमखास येतो. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि त्या इंजिनाच्या मालकीचे कागद लागतात. बोअरिंग करा, लायनर (सिलिंडरमध्ये बसणारी नवी नळी) बसवा, नंबर तोच राहतो.

दोन्ही कामांत चिठ्ठीवर ‘हाफ’ किंवा ‘फुल’ एवढंच लिहू देऊ नका. कुठल्या रिंगा, पिस्टन स्टँडर्ड की ओव्हरसाइज, रॉड बेअरिंग आहे की नाही, हेडचं काय काय, लेथचं बिल वेगळं, जुने पार्ट परत. टायमिंग बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट तसाही सुटतोच, तो आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवाच घालावा, त्याच्याच बाजूला वॉटर पंप असेल तर तोही. फुल असेल तर गिअरबॉक्स खाली आलेलाच आहे. क्लच प्लेट अर्धी झिजली असली तरी बदलून टाकावी, नाहीतर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा. वापरलेली गाडी घेताना ‘फुल इंजिन केलंय’ ऐकलं की मी लेथचं बिल मागतो. ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर साइज कोरलेली असते, तिचा फोटो असेल तर उत्तम. दोन्ही नसतील तर ते हाफ धरून भाव करायचा.

काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी ना दामटवायची, ना नुसती आयडलिंगवर ठेवायची. रिंगांना भिंतीवर बसायला थोडा लोड लागतो, त्यामुळे वेग कमी-जास्त करत चालवावी. आमच्या गाडीचं पहिलं तेल ५०० किलोमीटरला काढलं. खाली धरलेल्या डब्यात ते बारीक चकाकत होतं, नव्या रिंगांच्या घासणीचं. मिस्त्रींनी दोन बोटांत चोळून पाहिलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “आता हेही मोजायचं का साहेब?”