फ्युकोज नावाची साखर आणि बॉम्बे रक्तगट

बोटात काटा रुतला की तिथं लाली चढते, ठणका लागतो, कधी पू धरतो. अशा वेळी रक्तातून भरधाव वाहणाऱ्या पांढऱ्या पेशींना नेमकं त्याच जागी थांबायचं असतं. जखमेजवळच्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. ते पोचले की लगतच्या बारीक शिरांच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं येतात. पांढऱ्या पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. सिलेक्टिन त्या पकडतं, पण सैल. एक पकड सुटते, पुढची लागते, तीही सुटते. पेशीचा वेग मंदावतो आणि ती अस्तरावरून गडगडत जाते. मग इंटिग्रिन प्रथिनं तिला घट्ट रोवतात आणि ती शिरेतून अंग चोरून बाहेर पडते.

या साखळीत फ्युकोज नावाची साखर नसेल तर पहिली पकडच बसत नाही.

1992 साली इस्रायलमधल्या दोन मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. दोघांना सतत गंभीर जंतुसंसर्ग व्हायचे. रक्तात पांढऱ्या पेशी कितीतरी जास्त, पण जखमेत पू नाही. आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे!

हा गट 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. तांबड्या पेशींवरच्या ‘एच’ साखळीला फ्युकोज लागतं, आणि ए, बी गट त्या साखळीवरच तयार होतात. बॉम्बे गटात ती साखळीच नसते. नेहमीच्या चाचणीत हा गट ‘ओ’ वाटतो, पण ‘ओ’चं रक्त चढवलं तर जिवावर बेततं, कारण त्यात ‘एच’ भरपूर असतं आणि बॉम्बे गटाच्या रक्तद्रवात ‘एच’वर हल्ला करणारी प्रतिपिंडं असतात. भारतात असे लोक दहा हजारांत सुमारे एक आहेत. म्हणूनच रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींशी जुळवून पाहणं कधीच टाळू नये.

एरवी बॉम्बे गटाची माणसं ठणठणीत असतात. त्यांच्यात ‘एच’साठी फ्युकोज जोडणारं एन्झाइम तेवढं निकामी असतं, पांढऱ्या पेशींवर फ्युकोज असतंच. त्या मुलांच्या पेशींत मात्र साखळ्या जुळतात त्या जागी फ्युकोज नेणारं प्रथिनच बिघडलेलं होतं. हे 2001 मध्ये उलगडलं. या आजाराच्या काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज दिल्यावर संसर्ग कमी झाले. काहींना मात्र गुण आला नाही.