चॉकलेट कस्टर्ड पाय : पारी, सारण आणि कोको कुठून आले

कोल्हापुरात ‘आज पाय करतोय’ म्हटलं, तर समोरचा आधी तांबड्या रश्श्याची चौकशी करेल. इथे बोलायचंय ते गोड पायबद्दल: खाली खुसखुशीत पारी, वर सुरीने कापता येईल इतकं घट्ट चॉकलेट कस्टर्ड. पारी, कस्टर्ड आणि कोको हे तीन वेगवेगळ्या काळांतले पदार्थ आहेत आणि पाय बिघडतो तो बहुतेक वेळा त्यांच्या सांध्यावर.

कस्टर्ड हा शब्द मुळात दुधाचा नाही, पारीचा आहे. मध्ययुगीन इंग्लंड-फ्रान्समध्ये ‘क्रुस्टाड’ म्हणजे कणकेच्या वाटीत भाजलेला पदार्थ. आत मांस, फळं, अंडी-दूध, काहीही असायचं. तेव्हाची जाड, टणक पारी मुख्यतः भांड्याचं काम करायची. पुढे नाव पारीवरून घसरून आतल्या दूध-अंड्याच्या सारणाला चिकटलं. करंजी म्हणून कुणी नुसतं सारणच हातावर ठेवावं, तसं.

नुसत्या अंड्याचं कस्टर्ड नाजूक असतं. बलक साधारण ६५ ते ७० अंशांना घट्ट होऊ लागतो आणि ८५ च्या आसपास दुधात गुठळ्या होतात. आपल्याकडे हेच काम चीक करतो: त्यातली प्रथिनं वाफेवर आळतात आणि अंड्याशिवाय खरवस पडतो. खरवसाला जाळी पडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कस्टर्ड फाटणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

या नाजूकपणावर उतारा निघाला एकोणिसाव्या शतकात. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी चालत नसत, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर बनवली. अमेरिकेत टॉमस किंग्सफर्ड यांनी १८४२ मध्ये मक्यातून स्टार्च वेगळा काढला. तो आधी कपड्यांच्या खळीसाठी वापरला गेला. १८५४ मध्ये स्कॉटलंडच्या ब्राउन अँड पोल्सनने स्वयंपाकाच्या कॉर्नफ्लोअरचं पेटंट घेतलं. आजही किराणा दुकानातली कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. अंड्याचा त्यात पत्ता नसतो.

पायच्या सारणात मात्र कॉर्नफ्लोअर आणि बलक दोन्ही येतात, आणि खरी गोम तिथे आहे. कच्च्या बलकात स्टार्च तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. मिश्रण घट्ट दिसताच गॅस बंद केला, तर ते विकर जिवंत राहतं आणि रात्रभर फ्रिजमध्ये कॉर्नफ्लोअर तोडत बसतं. संध्याकाळी झकास जमलेला पाय सकाळी पातळ झालेला असतो. दोष फ्रिजला दिला जातो. उपाय एकच: सारण पिठल्यासारखं रटरटू लागल्यावरही सतत ढवळत दोन मिनिटं शिजवायचं. कॉर्नफ्लोअर सोबत असल्याने बलक एवढ्या आचेवर सहसा फाटत नाही.

पारी, कस्टर्ड आणि कोको या तिघांत कोको सगळ्यात उशिरा आला. युरोपात चॉकलेट हे कित्येक शतकं पेय होतं, तुपकट आणि रवाळ. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी दाबयंत्राने कोकोतलं लोणी वेगळं काढायची रीत आणली, त्यातून कोको पावडर मिळाली. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्रायने खाण्याची वडी बनवली. पायला दोन्ही लागतात: पावडरीने रंग आणि कडवटपणा येतो, वडीतलं कोकोचं लोणी गार झाल्यावर सारणाला अंग देतं. भारतात कॅडबरी १९४८ मध्ये आली. कर्नाटक-केरळच्या शेतकऱ्यांची कॅम्पको ही सहकारी संस्था १९७३ ची, तिचा पुत्तूरचा चॉकलेट कारखाना १९८६ चा.

भाजणं पूर्वी घरचं नव्हतंच. दिवाळीआधी मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची. नंतर झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन घरोघरी आला, पण त्यात आच नेमकी धरणं अवघड. म्हणून बिस्किटांची पारी सोयीची. मारी बिस्किट १८७४ मध्ये लंडनमध्ये एका रशियन राजकन्येच्या लग्नानिमित्त निघालं. ते कोरडं असल्याने लोणी जास्त पितं: २०० ग्रॅम चुऱ्याला १०० ग्रॅम वितळलेलं बटर. नऊ इंची साच्यात वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं. कडेचा कोपरा सैल राहिला की पहिला तुकडा काढताना तिथेच ढासळतो. ओव्हन असल्यास १८० अंशांवर दहा मिनिटं, नसल्यास फ्रिजमध्ये तासभर.

दुधाच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या गोकुळच्या पिशवीतलं असो वा गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं, म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट असतं. गाईच्या ६०० मिलि दुधाला ३५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर लागलं, तर म्हशीच्या दुधाला ३० पुरतं. जास्त घातलं की सारण रबरासारखं होतं. कट्ट्यावरचं दूध मात्र आधी उकळून घ्यायचं.

जाड बुडाच्या पातेल्यात १२० ग्रॅम साखर, कॉर्नफ्लोअर, २५ ग्रॅम कोको आणि चिमूटभर मीठ कोरडंच मिसळायचं. साखर मध्ये आल्याने गुठळ्या होत नाहीत. १०० मिलि गार दूध आणि तीन बलक घालून फेटायचं, उरलेलं ५०० मिलि गरम दूध धारेने ओतायचं. मध्यम आचेवर, उलथनं बुडाला घासत शिजवायचं, रटरटल्यापासून दोन मिनिटं मोजायची. गॅस बंद करून १०० ग्रॅम डार्क चॉकलेट, २५ ग्रॅम बटर आणि चमचाभर व्हॅनिला घालून गाळून घ्यायचं. कोमट झाल्यावर पारीत ओतून साय धरू नये म्हणून प्लास्टिक फिल्म थेट पृष्ठभागावर लावायची. गार झालेलं सारण पुन्हा घोटू नये, मोडलेली घडी परत बसत नाही. फ्रिजमध्ये किमान सहा तास.

इथे गुळाचा मोह होणारच. पण गूळ किंचित आंबट असतो आणि उकळत्या दुधात पडला की ते नासू शकतं. तेव्हा निम्मी साखरच घेऊन शिजवावं आणि ६० ग्रॅम किसलेला गूळ गॅस बंद केल्यावर चॉकलेटबरोबर घालावा.