शून्याखालच्या थंडीचं जॅकेट : निवड आणि चाचणी

उणे 20, उणे 30 किंवा त्याहून खाली तापमान जातं अशा ठिकाणी, वाऱ्यात, सलग बरेच दिवस राहायचं असेल तर सगळ्यात वरून जे कपडे घालतात, म्हणजे पिसांचं जॅकेट, गुडघ्यापर्यंतचा हूडवाला कोट म्हणजे पारका, वारा अडवणारं शेल, खांद्यावरून पट्टे असलेली पँट, बोटं एकत्र राहतात ते जाड मिटन, या सगळ्यांना मिळून आउटरवेअर म्हणतात. मुंबईतले ट्रेकर मात्र सरसकट जॅकेटच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरलाय.

मुंबईकराला हा विषय वेगळा शिकावा लागतो कारण आपल्या अंगाला थंडीची ओळखच नाही. सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान 7.4 अंश, तेही 1962 च्या जानेवारीतलं. तरी इथून हिमालयात जायची परंपरा जुनी आहे, गिरिविहार ही संस्था 1954 पासून आहे, आणि आता दर जानेवारीत झंस्कार नदीच्या गोठलेल्या पात्रावरून चालायला, म्हणजे चादर ट्रेकला, कितीतरी पोरं-पोरी लेहला उतरतात, नदीवर रात्री तापमान उणे 20 च्या खाली सहज जातं. त्यातले बरेच जण जॅकेट जायच्या आधल्या आठवड्यात घेतात आणि पहिल्यांदा अंगात घालतात ते थेट लेह विमानतळावर. ही सवय मोडायला पाहिजे.

मुळात जॅकेट गरम नसतं. ऊब शरीराची असते, जॅकेट फक्त अंगाभोवती हवा अडवून धरतं, आणि जेवढी हवा न हलता थांबेल तेवढी ऊब टिकते. हे मोजायला 'क्लो' नावाचं एकक आहे, 1941 साली अमेरिकेत ठरवलेलं : साधारण 21 अंशाच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला बरं वाटेल एवढे कपडे म्हणजे 1 क्लो. म्हणजे ऊब ही माणूस बसलाय की चढतोय यावर ठरते, आणि म्हणूनच जॅकेटच्या चिठ्ठीवर छापलेल्या 'उणे 20 पर्यंत चालेल' या आकड्यावर विसंबून राहू नका. स्लीपिंग बॅगचं तापमान ठरवायला आंतरराष्ट्रीय मानक आहे, गरम केलेला पुतळा आत ठेवून मोजतात. ट्रेकिंगच्या जॅकेटला मात्र सगळ्या कंपन्या पाळतील असं मानक नाही, प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने आकडा टाकतो.

दुसरी गोष्ट वारा. तापमान उणे 20 आणि वारा ताशी 40 किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे 34 सारखं लागतं, आणि तेवढ्यात 10 ते 30 मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. हे गणित सायपल आणि पॅसेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते गोठायला किती वेळ लागतो ते बघून पहिल्यांदा मांडलं, 1945 ला छापून आलं, आणि 2001 मध्ये सूत्र सुधारलं. त्यामुळे कितीही जाड स्वेटर घातला आणि वरून वारा अडवणारं पातळ कापड नसेल तर अडवलेली हवा वारा घेऊन जातो. दुकानात तपासायची सोपी युक्ती म्हणजे कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंकायचं, श्वास पलीकडे गेला तर वाराही जाणार.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : घाम. मुंबईत घाम येणं म्हणजे काहीच नाही, पुसायचा आणि पुढे जायचं. उणे 25 मध्ये घाम हा थंडीपेक्षा मोठा शत्रू आहे, कारण पाणी हवेच्या जवळपास 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि चालताना भिजलेला आतला थर थांबल्यावर दहा मिनिटांत बर्फाची पट्टी होतो. नवखा माणूस सकाळी तंबूतून निघताना कुडकुडतो म्हणून सगळं अंगावर चढवतो, अर्ध्या तासात आतून ओलाचिंब होतो, आणि दुपारी जेवायला थांबला की त्याला हुडहुडी भरते, मग तो म्हणतो जॅकेट खराब निघालं. जॅकेट ठीक असतं हो, चुकीच्या वेळी घातलेलं असतं. चालायला सुरुवात थोडी थंडी वाजत असतानाच करायची, अंगावर थर्मल, पातळ फ्लीस आणि वाऱ्याचं शेल एवढंच, आणि जाड पिसांचं जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवायचं, थांबलं की अंग गार व्हायच्या आधी सगळ्यावरून घालायचं. यावरून माप ठरतं. पिसांचं जॅकेट नेहमीच्या मापापेक्षा मोठं लागतं, आतल्या सगळ्या थरांवरून सैल बसलं पाहिजे, घट्ट बसलं तर पिसं दबतात आणि दबलेल्या पिसात हवा उरत नाही.

घामाची वाफ दिवसेंदिवस पिसांमध्ये जाऊन गोठते हेही लक्षात ठेवायचं. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात ब्रिटिश संशोधक स्कॉटच्या मोहिमेतले तिघं केप क्रोझिअरला पेंग्विनची अंडी आणायला गेले होते, तापमान उणे 60 पर्यंत गेलं, त्यांच्या स्लीपिंग बॅगा आणि कपडे श्वासाच्या आणि घामाच्या बर्फाने लाकडासारखे कडक झाले होते. आजही लांबच्या मोहिमेत ऊन पडलं की जॅकेट उलटं करून तंबूवर पसरतात, ते याचसाठी.

इथे मुंबईकराची एक हमखास चूक सांगतो, मी स्वतः केलेली. आपल्याला पावसाची सवय, त्यामुळे जॅकेट म्हटलं की पहिला प्रश्न वॉटरप्रूफ आहे का, आणि मग आपण 20,000 मिलिमीटर रेटिंगचं महागडं शेल घेतो. हा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपायला लागेल. पण उणे 25 ला पाऊस पडतच नाही, बर्फ असतो तोही कोरडा भुकटीसारखा, झटकला की जातो. तिथे आतली वाफ बाहेर जाणं जास्त गरजेचं, आणि वॉटरप्रूफ पडद्याच्या आतल्या बाजूला वाफ गोठून पापुद्रा धरते. बॉब गोअरने 1969 मध्ये पीटीएफई नावाचं प्लास्टिक ताणून जो सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला, ज्यातून पुढे गोअर-टेक्स आलं, तो शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फात, मे-जूनच्या हिमालयात उत्तम. कडक कोरड्या थंडीत मात्र साधं घट्ट विणीचं वाराबंद कापड माझ्या मते जास्त बरं, स्वस्तही पडतं.

पिसं की सिंथेटिक, हा वाद कायमचा. बदक किंवा हंसाच्या पोटाखालची मऊ लव म्हणजे डाऊन. तिची फुगण्याची ताकद फिल पॉवरमध्ये सांगतात : 800 फिल म्हणजे 28 ग्रॅम लव साधारण 13 लिटर जागा व्यापते. पण फिल पॉवरसोबत एकूण किती ग्रॅम भरलंय तेही विचारा, नुसतं 800 ऐकून भुलू नका, 100 ग्रॅम भरलेलं 800 फिलचं जॅकेट चादरवर रात्री पुरणार नाही. डाऊन भिजलं की बसतं आणि ऊब जवळजवळ संपते. सिंथेटिक भरण जड असतं, पिशवीत जास्त जागा खातं, पण ओलं झालं तरी थोडीफार ऊब देतं. कोरडी कडक थंडी असेल तर डाऊन, ओली थंडी असेल तर सिंथेटिक, एवढं साधं ठेवलं तरी चालतं. शिवणही बघायची : जॅकेट उजेडासमोर धरलं की आरपार टाके घातलेल्या ओळी पातळ दिसतात, त्या प्रत्येक ओळीतून थंडी शिरते, म्हणून खऱ्या मोहिमेच्या जॅकेटला आत कापडाच्या भिंती घालून खोके केलेले असतात.

हे ज्ञान एका दिवसात आलेलं नाही. नॉर्वेच्या ॲमंडसेनने 1903 ते 1906 च्या प्रवासात उत्तर कॅनडातल्या नेत्सिलिक लोकांकडून रेनडिअरच्या कातड्याचे सैल कपडे घालायला शिकून घेतलं, आणि 14 डिसेंबर 1911 ला तो दक्षिण ध्रुवावर पोचला त्यामागे कुत्र्यांइतकाच या कपड्यांचा वाटा होता. पारका आणि अनोरॅक (हूडवालं वाराबंद जॅकेट) हे शब्दही उत्तरेकडच्या वेगवेगळ्या लोकांच्या भाषांमधून आले. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचने बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून कोट शिवून घेतला होता, सोबत्यांना आधी तो विचित्र वाटला, नंतर हेवा वाटला. 1924 ला एव्हरेस्टवर मरण पावलेल्या गिर्यारोहक मॅलरीचा देह 1999 मध्ये सापडला, अंगावर रेशीम, सुती, लोकर असे पातळ थर आणि वर गॅबर्डिन, म्हणजे घट्ट विणीचं कापड. 2006 मध्ये त्या कपड्यांची नक्कल करून एव्हरेस्टवर घालून बघितली तर हालचालीला आणि हलकेपणाला ते कपडे चांगले निघाले. थर पाहिजेत हे तेव्हाही कळलेलं होतं.

आता चाचणी, कारण विकत घेणं हे अर्धंच काम. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे 18 असतं, त्यात माणूस मावत नाही पण बाही मावते. जॅकेटचा चेनवाला भाग पिशवीत घालून रात्रभर ठेवायचा, सकाळी बाहेर काढून लगेच मिटन घालून चेन उघडून-लावून बघायची, वेल्क्रो, नाडीचं बटण, हूडची दोरी सगळं. चेनचा गोंडा मिटनमध्ये पकडता येत नसेल तर त्याला जाड दोरी बांधा. स्वस्त कोटिंगचं कापड गारठलं की कागदासारखं कडकड वाजतं, ते इथेच कळतं. चेनच्या मागे फुगीर पट्टी पाहिजे, चेन खालूनही उघडणारी पाहिजे म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा म्हणजे हार्नेस घालता येतो, आणि आतल्या बाजूला पाण्याची बाटली आणि कॅमेऱ्याची बॅटरी मावेल असा खिसा पाहिजे, कारण बाहेरच्या खिशात दोन्ही मरतात. मग सगळे थर घालून आरशासमोर हात वर करा, उकिडवं बसा, वाका. कंबर उघडी पडली तर ते जॅकेट परत करा. हूड हेल्मेटवरून आणि गॉगलसकट बसतो का, मान वळवली की हूड वळतो का तेही.

शेलसाठी तर जुलै महिना आहेच. खिशात आणि खांद्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून गच्चीवर अर्धा तास पावसात उभं राहायचं, कागद कुठे ओला झाला त्यावरून कुठली शिवण गळते ते कळतं. वाफ बाहेर जाते का हे मात्र मुंबईत तपासूच नका, बाहेरच्या दमट हवेत वाफ जायला जागाच नसते, चांगलं शेलसुद्धा इथे नापास होईल. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा कळसूबाई करा, 1646 मीटर, सॅक पाठीवर, पूर्ण चढ शेल घालून, आणि माथ्यावर वाऱ्यात थांबून आतल्या थराला हात लावून बघा.

ऊब तपासायला मासळी किंवा आईस्क्रीम ठेवणारं कोल्ड स्टोरेज मिळालं तर उत्तम, तिथे उणे 18 च्या आसपास असतं. कुणाच्या ओळखीने परवानगी काढा, एकट्याने आत जाऊ नका, दरवाजा आतून उघडतो ना ते आधी बघा, आणि अर्धा तास न हलता बसा. चालत राहिलात तर चाचणी फसली. आधी बोटं, मग मांड्या, मग पाठ, कुठे थंडी शिरते ते लिहून काढा. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या भारतीय मोहिमेच्या लोकांनाही आधी उत्तराखंडातल्या औलीला बर्फात राहून सराव करावा लागतो, त्यामुळे आपण लेहमध्ये पहिले दोन-तीन दिवस हवामानाशी जुळवून घेताना रात्री गच्चीवर तासभर बसून शेवटची चाचणी करायला काहीच हरकत नाही, तिथे बाजारात जॅकेट भाड्याने मिळतात, कमी पडलं तर बदलता येतं. नदीवर उतरल्यावर नाही.

परत आल्यावर खरी परीक्षा मुंबईच्या दमटपणाची. माझं पहिलं डाऊन जॅकेट मी दोन पावसाळे छोट्या पिशवीत दाबून कपाटात ठेवलं, बाहेर काढलं तेव्हा कुबट वास आणि पिसांचे गोळे. डाऊन कधीही दाबून ठेवायचं नाही, मोठ्या सुती पिशवीत सैल किंवा हँगरवर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात मधूनमधून पंख्याखाली एक दिवस. धुवायचं तर सौम्य साबणाने, पिळायचं नाही, ड्रायरमध्ये कमी तापमानावर दोन-तीन टेनिस बॉल टाकून फिरवायचं म्हणजे गोळे सुटतात. हाताला कोरडं लागलं तरी अजून एकदा फिरवा, आतली लव बाहेरच्या कापडाच्या कितीतरी नंतर सुकते.